गुच्छाचा इतिहास देठात

जालन्यात सत्काराला आता हाराच्या जोडीने गुलाबाचा गुच्छ येतो, आणि ही इंग्रज साहेबाची रीत असे सर्रास म्हटले जाते. आक्षेप अगदीच निराधार नाही. इंग्रज आणि मराठे यांच्यातली १८०३ची असईची लढाई याच परिसरात झाली आणि पुढे १८२७च्या सुमारास जालन्यात लष्करी छावणी वसली. पण छावणीच्या आधीपासून अत्तर-गुलाब, पानविडा आणि हारतुरे देऊन पाहुण्याचा मान राखला जात होता. तुरा म्हणजे दोऱ्याने हातानेच बांधलेली फुले. वेणी-गजऱ्यात मरवा, दवणा यांचा हिरवा पाला गुंफलेला. फुले बांधणे, त्यांत हिरवाई घालणे आणि ती मानाने देणे, ही तिन्ही अंगे इथलीच होती. नवा आला तो लांब देठ.

हार, गुलकंद, गुलाबपाणी यांना फूल किंवा पाकळी पुरते. देठ खुडून टाकायचा. त्यामुळे परसातला गावठी गुलाबही चालून जाई. हाती बांधलेल्या गुच्छाचे गणित उलटे आहे. प्रत्येक देठ एकाच दिशेने तिरका ठेवत, मधूनमधून कामिनी किंवा अस्परागसचा पाला लावत, सगळे एकाच ठिकाणी बांधायचे; तेव्हा वर फुले मोकळी राहतात आणि खाली देठ फाकतात. आखूड, वाकडा देठ तिथे निरुपयोगी. युरोपलाही असा गुलाब जुना नव्हे. चीनमधल्या पुन्हापुन्हा फुलणाऱ्या जातींच्या संकरातून हायब्रिड टी गुलाब घडले. त्यांतला पहिला मानला जाणारा ‘ला फ्रान्स’ १८६७चा. महाराष्ट्रात तळेगाव दाभाडेच्या हरितगृहांनी लांब देठाचा गुलाब व्यापारी पीक म्हणून रुजवला. पुण्याच्या फुलबाजारात साधी गुलाबगड्डी आणि लांब देठाचा डच गुलाब यांचे भाव आजही वेगळे निघतात, कारण डच गुलाबात फुलाइतकीच देठाचीही किंमत मोजली जाते.

सरळ, लांब देठाला वर्षभर नेमाने पाणी लागते. म्हणून दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोरड्या जालन्याला हा थाट कशाला? २०१२-१३च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, हे विसरता येत नाही. मात्र पूर्वी इथे जमशेदखानाने बांधलेल्या मोती तलावातून जमिनीखालच्या नळांनी शहरात पाणी येत होते, आणि जालन्याच्या बागांतली फळे हैदराबादपर्यंत जात होती. अलीकडे जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावाने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. तेव्हा बागायत इथे परकी नाही. साठवण नसलेली बागायत मात्र धोक्याची आहे. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसला ठिबकने पाणी थोडे पुरते, पण चार-पाच वर्षांसाठी लावलेला गुलाब एका उन्हाळ्यातही तहानलेला ठेवता येत नाही. गुच्छ देशी की विलायती, या वादापेक्षा त्यातल्या देठाला पाणी कोणत्या तळ्याचे, हे विचारणे जालन्याच्या इतिहासाला अधिक धरून आहे.