कापूस-वेचणी आणि बाईच्या मजुरीचा भाव

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतमजुरीला पिढ्यान्‌पिढ्या दोन भाव राहिले: एक गड्याचा, दुसरा बाईचा. कापसाच्या व्यापाराने हा भेद पक्का केला. १८५३ मध्ये निजामाकडून बुलढाण्यासह वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ पासून अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला तेजी आली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते कापूस वाहून नेणारा जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते; १९०५ मध्ये ते बुलढाण्याला जोडले गेले.

शेतातली कामे वाटलेली होती. वखर, डवरा, नांगर हाकणारा गडी. वर्षाच्या बोलीवर ठेवलेला सालदारही पुरुषच. निंदण आणि वेचणी बायांची. वेचणीची मजुरी पूर्वी वेचलेल्या कापसातल्या वाट्याने मिळे, पुढे वजनावर रोख मिळू लागली. वजनाचा हिशेब वरवर निःपक्षपाती वाटतो. पण पहिल्या वेचणीला बोंडे भरभरून फुटलेली असतात आणि शेवटच्या वेचणीला तेवढ्याच श्रमात गाठोडे बरेच हलके भरते. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटे सोलतात. कापसात पत्ती आणि कवडी येऊ न देणे हे कसब आहे, आणि बाजारात प्रत ठरते ती त्यावरच. त्या कसबाचे पैसे कापसाच्या भावात धरले गेले, वेचणारीच्या मजुरीत मात्र नाहीत. हा अन्याय उघड होता, तरी गावाने त्याला रीत मानले.

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनमध्येही बाया मोठ्या संख्येने असत आणि तिथेही त्यांचा रोज पुरुषांपेक्षा कमी असे.

राज्यघटनेच्या ३९व्या कलमाने समान कामाला समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व ठरवले. १९७६ चा समान वेतन कायदा त्यातूनच आला. मात्र त्याची तुलना ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम’ एवढ्यावर होती. वेचणीला पुरुष जातच नसतील, तर बाईचा दर कोणाच्या दराशी ताडून पाहायचा? कामाची वाटणी कायद्याच्या आड आली. एकाधिकार कापूस खरेदी योजनेत १९७२ पासून शेतकऱ्याच्या कापसाचा भाव सरकार ठरवू लागले. वेचणीचा दर गावातच ठरत राहिला. त्याच दशकातल्या रोजगार हमीच्या कामांवर मातीच्या मोजमापाने पैसे मिळत आणि दर स्त्री-पुरुषांना एकच असे. बायांनी त्या कामांवर गर्दी केली, यात नवल नाही.

कमी मजुरीचा फटका बाजारातही बसतो. दुकानात भाव एकच असला, तरी त्याच वस्तूसाठी बाईला जास्त वेळ राबावे लागते. सॅनिटरी नॅपकिनचा खर्च तर बाईच्याच वाट्याचा. त्यावर जुलै २०१७ पासून १२ टक्के वस्तू व सेवा कर होता. तो जुलै २०१८ मध्ये रद्द झाला.

१९९० नंतर जिल्ह्यात सोयाबीन पसरले. त्याची सोंगणी बहुधा एकरावर उक्ती दिली जाते आणि पैसे पूर्ण टोळीला मिळतात. टोळीत बाईचा वाटा किती, हे टोळीतच ठरते. कापूस जिथे उरला आहे, तिथे वेचणीला आजही प्रामुख्याने बायाच जातात. मजूर मिळेनासे झाल्यावर किलोमागचा दर वाढतो, आणि तो वाढवून घेण्याची ताकद त्यांना टंचाईच्या त्या थोड्या दिवसांतच मिळते.