मोकळा नंबर कोणता? वही बघा!

आमच्या भागातल्या शाळा-पतसंस्थांची नेटवर्कं मी सांभाळतो. तिथं एक प्रश्न ठरलेला: "नवा प्रिंटर आलाय, आयपी कोणता देऊ?" प्रश्न छोटा, इतिहास मोठा.

इंटरनेट बाळसं धरत होतं तेव्हा अमेरिकेत जॉन पोस्टेल नावाचे संशोधक नंबरांची यादी सांभाळायचे. कुणाला काय दिलं, याची नोंद उघडपणे प्रसिद्ध व्हायची. 1981 मध्ये आयपीव्ही4 ची रचना पक्की झाली. एकूण पत्ते सुमारे 429 कोटी. तेव्हा हे अफाट वाटलं, म्हणून वाटपही सढळ हातानं झालं. एकट्या एमआयटीकडे 1 कोटी 67 लाखांवर पत्ते होते!

पुढं टंचाई दिसू लागली. फेब्रुवारी 1996 मध्ये 10, 172.16 ते 172.31 आणि 192.168 ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी पक्के झाले. आपल्या आवारात वापरा, कुणाला विचारायला नको. 3 फेब्रुवारी 2011 ला तर जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून संपले.

पण विचारायला नको म्हणजे लिहायलाही नको, असं आपण धरून चाललो. घोळ तिथंच आहे.

मोकळा नंबर शोधायचा कसा? आधी राउटरमध्ये डीएचसीपीची रेंज बघा. समजा 100 ते 200 नंबर तो आपोआप वाटतो, तर त्याबाहेरचा घ्या, उदाहरणार्थ 50. मग पिंग करा. हे साधन 1983 मध्ये माइक मूस यांनी लिहिलं. उत्तर नाही आलं, तरी लगेच खूश होऊ नका. फायरवॉल पिंग अडवते. लगेच 'एआरपी' तक्ता बघा. चालू मशीन तिथं बहुधा सापडतंच.

आणि बंद मशीन? ते कुठलीच कमांड सांगत नाही. ते फक्त वही सांगते.

वही नसली की एकच नंबर दोन यंत्रांना जातो, प्रिंटर मध्येच गायब होतो आणि दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या आजींना ऐकावं लागतं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." आजींची दिवसाची मजुरी बुडते, ती कुठल्याच नोंदीत येत नाही.

जगाचे नंबर एका यादीवर नीट चालले. आपल्या ग्रामपंचायतीत, शाळेत अशी वही आहे का? एकदा विचारून तर बघा.