जंगल सत्याग्रहाची कुळकथा

राखीव वनातील गवत वा लाकूड परवान्याशिवाय, पण लपूनछपून नव्हे तर उघडपणे कापून वनकायदा मोडणे, यास जंगल सत्याग्रह म्हणतात. आणि १९३० साली तो वऱ्हाडात पुढे आला याचे कारण प्रथम भूगोलात शोधावे लागते. एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले, तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या प्रांताने मीठ आणावे कोठून? पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे, खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ झाले खरे, परंतु धामणगाव रेल्वेला उतरून दक्षिणेस यवतमाळकडे जाणाऱ्या मुलखात तीही सोय नव्हती.

गवत मात्र सर्वत्र होते. कपाशीची शेती बैलांवर आणि बैल वैरणीवर, असा हा व्यवहार असल्याने रमणे, म्हणजे गवतासाठी राखलेली सरकारी कुरणे, आणि चराईची फी यांचा जाच प्रत्येक कास्तकाराला ठाऊक होता. वणीत जन्मलेले, यवतमाळचे वकील माधव श्रीहरी तथा बापूजी अणे हे टिळकांचे अनुयायी आणि प्रतियोगी सहकारितेचे, म्हणजे कायदेमंडळात शिरून सरकारशी जशास तसे वागण्याच्या धोरणाचे, पुरस्कर्ते होते. तरीही १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात विळा घेऊन गवत कापणारे आणि त्यासाठी अटक पत्करणारे तेच. अशा वेळी कोणता कायदा मोडावा याची निवड हेच पुढाऱ्याचे खरे कौशल्य असते, आणि अण्यांचे ते या एका कृतीत दिसते. २१ जुलैला यवतमाळजवळ लोहारा येथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांनी हाच सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्यावर लागलेल्या कलमांत भारतीय दंडसंहितेचे ३७९ वे, म्हणजे चक्क चोरीचे, कलम होते.

वनावरील राजसत्तेच्या हक्कास असे आव्हान अमेरिकेतील वसाहतींनीही दिले होते. न्यू हॅम्पशायरमध्ये १७२२ च्या कायद्याने बारा इंचांहून जाड पांढरे पाइन वृक्ष इंग्रजी आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखले गेले; पुढे १७७२ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला जाण्याच्या वीस महिने आधी, वीअर गावच्या एबेनेझर मजेट या लाकूड गिरणीवाल्याने दंड भरण्याचे नाकारले आणि सोबत्यांसह, तोंडाला काजळी फासून, वॉरंट घेऊन आलेल्या शेरीफला छड्यांनी झोडपले. तक्रार दोन्हीकडे एकाच जातीची. पण तेथे तोंडे काळी केलेली, येथे विळा दिवसाढवळ्या चालवलेला.

पुसदचे लोण त्याच वर्षी संगमनेर, बिळाशी आणि चिरनेरपर्यंत गेले. नेत्यांना गवताची प्रतीकात्मक पेंढी पुरेशी होती. बैतूलकडच्या गोंड-कोरकूंनी मात्र जंगल आपलेच असल्याचे धरून चालून कायदा शब्दशः मोडला, आणि चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबारात माणसे पडली.