चार्ल्स्टनचा पुरलेला तट आणि आम्ही तेवीस जण



मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाला पाहुण्यांनी एकदा तरी विचारलेले असते, "अरे, ह्या फोर्टात किल्ला कुठे आहे?" तिथला तट १८६० च्या दशकात पाडला, चर्चगेट हे नाव तेवढे राहिले. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनचेही तसेच आहे. फक्त तिथे तटाचे तुकडे अजून जमिनीखाली सापडतात, आणि ते गाव बघायला येणाऱ्या गर्दीचे काय करायचे हा गावापुढचा रोजचा प्रश्न आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही सहा कुटुंबे तिथे पायी फिरलो. पुढे जाणाऱ्यांसाठी ही माहिती.

स्पॅनिश आणि फ्रेंच हल्ल्याच्या धास्तीने १७०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंग्रज वसाहतवाल्यांनी सुमारे ६२ एकर गावाभोवती तट घातला. समुद्राच्या बाजूला विटांची भिंत, बाकी तीन बाजूंना मातीचा बांध, खंदक आणि कोपऱ्यांवर बुरुज. हे काम मोठ्या प्रमाणावर गुलाम आफ्रिकन लोकांकडून करून घेतले गेले. १७०६ साली हल्ला खरोखरच झाला आणि गाव टिकले. पुढे वस्ती वाढली तसा जमिनीकडचा तट १७३० च्या दशकात गेला, आणि विटांची भिंत स्वातंत्र्ययुद्धानंतर.

सुरुवात ओल्ड एक्स्चेंज इमारतीपासून करावी. १७७१ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत हाफ मून बॅटरी नावाच्या अर्धगोल बुरुजावरच उभी आहे, आणि तळघरात त्याच्या विटा दिसतात. आमच्या मते सगळ्या फेरीत बघण्यासारखे हेच. जवळच साउथ ॲजर्स वॉर्फ येथे २००८-०९ मध्ये तटाचा पुढे आलेला एक त्रिकोणी भाग उत्खननात मिळाला, पण तो पुन्हा बुजवला आहे, त्यामुळे तिथे कल्पनाशक्ती लागते. ब्रॉड आणि मीटिंग रस्त्यांच्या चौकात पूर्वी वेशीचा उचलता पूल होता, आज तिथे चर्च आणि कोर्ट. कंबरलँड रस्त्यावरचे १७१३ चे दारूकोठार मात्र शाबूत आहे. शेवटी मॅरियन स्क्वेअरमध्ये नंतरच्या तटबंदीचा, १७५० च्या दशकातल्या हॉर्न वर्कचा, एक ओबडधोबड तुकडा उभा आहे. कोकणात शिंपले भाजून चुना करतात तसाच हा चुना, त्यात कालवांचे अख्खे शिंपलेही मिसळलेले. १७८० मध्ये ब्रिटिशांपुढे शरणागती झाली तेव्हा शहराच्या उत्तर वेशीवर हीच तटबंदी होती.

आता गर्दीचे. शहराची वस्ती २०२० च्या जनगणनेत दीड लाख, आणि आसपासच्या भागासह वर्षाला येणारे पाहुणे ७० लाखांच्या वर. म्हणून जुन्या वस्तीत पायी फेरीच्या एका गटात २० पेक्षा जास्त माणसे चालत नाहीत. घोडागाडीला कोणता भाग मिळणार हे हाऊजीसारखा चेंडू काढून ठरते. तपमान ९५ फॅरनहाइटला पोहोचले की घोडे थांबवतात, ही मर्यादा २०१७ मध्ये ९८ वरून खाली आणली. वर्षानुवर्षे वादाचा विषय असलेली कार्निव्हल कंपनीची क्रूझ जहाजे २०२४ अखेर इथून सुटायची बंद झाली. उलट गाइडसाठी सक्तीची लेखी परीक्षा आणि परवाना फेडरल कोर्टाने २०१८ मध्ये रद्द केला, अपिलातही तो निकाल टिकला. तेव्हा गाइड निवडताना चौकशी करा, विशेषतः गुलामीचा इतिहास तो सांगतो की फक्त भुतांच्या गोष्टी.

आम्ही पोरांसकट तेवीस होतो. "सगळे एकत्रच जाऊ, कोण मोजतंय?" असे म्हणणारे आमच्यातलेच. गाइडबाईंनी शांतपणे मोजले आणि दोन गट केले. तोंडे वाकडी झालीच. पण थोड्या वेळाने ट्रॅड रस्त्याच्या अरुंद फुटपाथवर आमचा अर्धा गटसुद्धा एका दाराला अडवून फोटो काढत होता आणि एक आजोबा किराण्याच्या पिशव्या हातात घेऊन स्वतःच्याच घरात शिरायची वाट बघत थांबले होते. "सॉरी" म्हणून आम्ही भिंतीला चिकटलो. त्यानंतर गट छोटा का, हे पोरांनी कोणाला विचारले नाही.

गाडी गराजमध्ये ठेवा, राहत्या गल्ल्यांत नको. सगळी फेरी रमतगमत तीन तासांत होते. ओल्ड एक्स्चेंज आणि दारूकोठार ह्यांची तिकिटे वेगळी आहेत. फोर्ट सम्टरला होडीनेच जावे लागते, त्यासाठी दुसरा दिवस ठेवा.