मका आणि माणूस

मक्याचें कणीस आपण सर्वांनीं पाहिलें आहे. पावसाळ्यांत तें निखाऱ्यावर भाजून, मीठ-लिंबू चोळून खाल्लेंही असेल. पण तें शेतांत तसेंच राहूं दिलें तर काय होईल? त्याचे दाणे पानांच्या वेष्टनांत गच्च बसलेले असतात. कणीस गळून पडलें तरी ते विखुरत नाहींत, आणि एकाच जागीं दाटीनें उगवलेलीं रोपें एकमेकांना वाढूं देत नाहींत. माणसाचा हात लागल्यावांचून या पिकाचा वंश टिकत नाहीं.

मूळचें तें असें परावलंबी नव्हतें. मेक्सिकोंतील बाल्सास नदीच्या खोऱ्यांत तेओसिंते नांवाचें गवत आजही उगवतें. त्याच्या इवल्याशा कणसांत जेमतेम पांच ते बारा दाणे असतात. प्रत्येक दाणा टणक कवचांत असतो, आणि पिकतांच सुटा होऊन मातींत पडतो. सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं तेथील लोक हें गवत पेरूं लागले. सोयीचें रोप निवडावें, त्याचेंच बीं राखावें, हा क्रम असंख्य पिढ्या चालला; त्यांतून मका घडला.

परंतु या व्यवहारांत माणूसही बांधला गेला. मक्यांतील निकोटिनिक अम्ल नांवाचें जीवनसत्त्व अशा बद्ध स्थितींत असतें कीं, दाणा नुसता दळून खाल्ल्यास तें शरीराला पुरेसें लाभत नाहीं. मेक्सिकोंतील बायका मका चुना मिसळलेल्या पाण्यांत शिजवीत, भिजत ठेवीत, धूत आणि मग आपल्या पाट्यासारख्या दगडावर वाटीत. चुन्यामुळें साल सुटे आणि तें जीवनसत्त्वही मोकळें होई. रसायनशास्त्र त्यांना ठाऊक नव्हतें. रीत मात्र अचूक होती.

१४९२ नंतर मका युरोपांत पोंचला. ज्या गरिबांच्या ताटांत दूध, मांस वा डाळ क्वचितच येई, त्यांचें तो मुख्य अन्न झाला. १७३५ सालीं स्पेनच्या आस्तुरियास प्रांतांत गास्पार कासाल या वैद्यानें अशा लोकांत एक नवा रोग पाहिला: कातडी काळवंडून खरखरीत होई, जुलाब लागत, बुद्धि भ्रमिष्ट होई आणि शेवटीं मृत्यु येई. इटलींत त्याला ‘पेलाग्रा’ म्हणजे ‘खरखरीत कातडी’ हें नांव पडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत त्यानें हजारोंचे बळी घेतले. हा संसर्ग नसून आहाराचा दोष आहे, हें डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ पासून चिकाटीनें दाखवून दिलें. निकोटिनिक अम्लाचा गुण मात्र १९३७ सालीं कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या प्रयोगांनीं उघड झाला.

श्रोतेहो, पीक म्हणजे नुसतें बीं नव्हे; तें पिकविणाऱ्याची आणि रांधणाऱ्याची रीतही त्याचाच भाग असते. मक्याचे दाणे जहाजांतून गेले; पाट्यापाशीं बसलेल्या बाईचें शहाणपण मागेंच राहिलें. त्याची किंमत गोरगरिबांनीं दोनशें वर्षें मोजली.