संसदेतील भाषण नेमके कोणासाठी?

यवतमाळ, प्रतिनिधी : मारेगाव तालुक्यातील जळका हे यवतमाळ जिल्ह्यातील छोटेसे गाव २२ जुलै २००८ रोजी देशभर पोहोचले. लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर चर्चा सुरू होती. अणुकरारावरून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढल्याने मनमोहन सिंग सरकार अडचणीत आले होते. त्या चर्चेत अमेठीचे खासदार राहुल गांधी यांनी जळक्याच्या कलावती या शेतकरी विधवेचे नाव घेतले. गरिबीचा प्रश्न ऊर्जासुरक्षेशी निगडित आहे, हा त्यांचा मुद्दा होता. सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी ठराव जिंकला.

मते ठरलेली, तरी भाषण कशासाठी?

१९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षादेश मोडून मतदान केल्यास सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे भाषण ऐकून मत बदलणारा सदस्य विरळाच. मग वक्ता बोलतो तो मुख्यतः सभागृहाबाहेरच्या श्रोत्यांसाठी. मतदारसंघाला आपली उपस्थिती जाणवावी, पक्षनेतृत्वाच्या नजरेत भरावे, हे हेतू असतातच. २००६ मध्ये लोकसभेची स्वतंत्र दूरचित्रवाहिनी सुरू झाल्यावर हा श्रोतृवर्ग आणखी विस्तारला.

दुसरे कारण नोंदीचे. सभागृहातील प्रत्येक शब्द लघुलेखक टिपून घेतात. अध्यक्षांनी वगळण्याचा आदेश दिला नाही, तर तो कायमचा इतिवृत्तात राहतो. पराभूत पक्षाचे म्हणणेही त्यामुळे उरते.

पंधरा वर्षांनी तेच नाव

९ ऑगस्ट २०२३ रोजी अविश्वास ठरावावरील चर्चेत गृहमंत्री अमित शहा यांनी कलावती यांचा पुन्हा उल्लेख केला. त्यांना घर, वीज, गॅस मोदी सरकारने दिले, असा त्यांचा दावा होता. कलावती यांनी प्रसारमाध्यमांशी बोलताना तो नाकारला आणि मदतीचे श्रेय राहुल गांधी यांना दिले.

घटनेच्या अनुच्छेद १०५ नुसार सभागृहातील वक्तव्याबद्दल खासदारावर न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. निर्भयपणे बोलता यावे, यासाठी हे संरक्षण आवश्यकच आहे. मात्र जिच्याविषयी दोन्ही बाजू बोलल्या, तिला त्या सभागृहात उभे राहून उत्तर देता येत नाही. तिचे म्हणणे जळक्यातच ऐकावे लागते.