अमळनेरचें तत्त्वज्ञानमंदिर व तेथील छात्र

अमळनेर येथें इ. स. १९१६ मध्यें स्थापन झालेल्या तत्त्वज्ञानमंदिराविषयीं आमच्या खानदेशांत दोन समज रूढ आहेत. पहिला समज असा कीं, ही संस्था म्हणजे एका धनिक गिरणीमालकाची हौस होती. ती त्याच्याबरोबर सरली व मागें कांहीं उरलें नाहीं. दुसरा समज असा कीं, साने गुरुजी अमळनेरास आले ते शाळेंतील शिक्षक म्हणून. दुसरा समज तारखांच्या आधारें सहज खोडून काढतां येतो. पहिला खोडण्यास संस्थेंतून बाहेर पडलेल्या माणसांच्या चरित्रांचा मागोवा घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखांत तें काम यथाशक्ति करण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्थळाविषयीं. पूर्वीचा खानदेश जिल्हा इ. स. १९०६ मध्यें विभागला जाऊन पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. अमळनेर पूर्व खानदेशांत गेलें व आमचें शिंदखेडें पश्चिम खानदेशांत राहिलें. आजही तीं दोन गांवें अनुक्रमें जळगांव व धुळें या जिल्ह्यांत मोडतात. परंतु सरकारी हद्दीनें तुटलेलीं हीं गांवें तापीकांठच्या लोहमार्गानें जोडलेलीं आहेत. शिंदखेड्याहून पूर्वेस निघालें म्हणजे नरडाण्यावरून अमळनेर गांठतां येतें. बोरी नदीच्या कांठचें हें गांव त्यापूर्वीं सखाराममहाराजांच्या संस्थानाकरितां व वैशाखांतील यात्रेकरितां प्रसिद्ध होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें प्रताप मिल उभी राहिली, आणि वारकऱ्यांच्या गांवास कापडगिरणीचा भोंगा ऐकूं येऊं लागला. त्या गिरणीचे मालक श्रीमंत प्रतापशेट हेच तत्त्वज्ञानमंदिराचे संस्थापक होत.

संस्थेचें इंग्रजी नांव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसफी असें होतें. कायद्याच्या दृष्टीनें तें विद्यापीठ नव्हे. तेथें परीक्षा नव्हत्या, पदव्या नव्हत्या, आणि सरकारचें नियंत्रणही नव्हतें. निवडक पदवीधरांस वेतन व राहण्याची सोय देऊन त्यांच्याकडून शांकर अद्वैताचें व पाश्चात्त्य दर्शनांचें तौलनिक अध्ययन करवून घ्यावें, हा तेथील क्रम होता. अशा अध्ययनकर्त्यांस तेथें ‘फेलो’ म्हणत. आम्ही त्यांस ‘छात्र’ म्हणतों, आणि त्यास कारण आहे. वैयाकरण हा शब्द ‘छत्र’ शब्दापासून साधितात व त्याचा अर्थ असा सांगतात कीं, छत्र जसें ऊन झांकतें तसा जो गुरूचे दोष झांकतो तो छात्र. ही व्याख्या अमळनेरच्या मंडळींस कितपत लागू पडते, हें पुढें दिसून येईल.

धुळें येथें शंकर श्रीकृष्ण देव यांनीं इ. स. १८९३ मध्यें सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली, आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यांत निवर्तल्यावर अल्पावधींतच, जानेवारी १९२७ मध्यें, त्यांच्या नांवाचें संशोधनमंडळ तेथें निघालें. सरकारी आश्रयाची वाट न पाहतां विद्येचीं स्थानें उभारावयाचीं, हा खानदेशाचा स्वभावच त्या काळीं बनला होता. तत्त्वज्ञानमंदिर हें त्याच मालिकेंतील एक स्थान होय. भेद इतकाच कीं, धुळ्याच्या मंडळींनीं जुने कागद जमविले आणि अमळनेरच्या शेटजींनीं माणसें जमविलीं. जमविलेले कागद दप्तरांत राहतात. जमविलेलीं माणसें मात्र पांगतात. म्हणूनच या संस्थेचा हिशेब मांडणें अवघड झालें आहे.

आतां या छात्रांपैकीं चौघांचीं चरित्रें क्रमानें पाहूं.

पहिले घनश्यामदास रतनमल मलकानी. हे सिंध प्रांतांतून आले व अमळनेरचेच झाले. संस्थेचें इंग्रजी त्रैमासिक ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ इ. स. १९२५ मध्यें सुरू झालें. त्याच्या संपादनांत व संस्थेच्या संचालनांत त्यांनीं आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें वेंचलीं. खानदेशांतील एका तालुक्याच्या गांवाहून निघणारें हें नियतकालिक देशांतील सर्व विश्वविद्यालयांत वाचलें जाई, ही गोष्ट आज सांगूनही खरी वाटत नाहीं. मलकानींचे ‘फिलॉसफी ऑफ दि सेल्फ’ (१९३९) व ‘वेदान्तिक एपिस्टेमॉलॉजी’ (१९५३) हे ग्रंथ अमळनेरासच प्रसिद्ध झाले. ज्या विषयाकरितां आले त्याच विषयांत, ज्या गांवीं आले त्याच गांवीं राहून ज्यांनीं आयुष्य घालविलें, असे चौघांत हे एकटेच.

दुसरे तिरुपत्तूरचे व्यंकटाचल मूर्ति. हे इ. स. १९०२ मध्यें जन्मले. काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत शिक्षण, राष्ट्रीय चळवळींत कारावास, आणि त्यानंतर इ. स. १९२९ पासून कांहीं वर्षें अमळनेरास वास्तव्य, असा त्यांचा पूर्वक्रम आहे. मलकानी, रासविहारी दास व मूर्ति या तिघांनीं मिळून लिहिलेला ‘अज्ञान’ हा ग्रंथ इ. स. १९३३ मध्यें निघाला. अद्वैतांतील अविद्येच्या स्वरूपासंबंधानें तिघांचीं मतें एकमेकांशीं जुळत नाहींत, आणि तीं न जुळतां एकाच पुठ्ठ्यांत बांधलीं गेलीं आहेत. आमच्या मतें या संस्थेचा खरा शिलालेख हाच ग्रंथ होय. पुढें मूर्ति काशीस परतले व त्यांनीं माध्यमिक बौद्धांच्या शून्यवादावर प्रबंध लिहिला. तो ‘दि सेंट्रल फिलॉसफी ऑफ बुद्धिझम’ या नांवानें इ. स. १९५५ मध्यें प्रसिद्ध झाला. शून्यवाद म्हणजे सर्वनाशवाद नव्हे, हें त्यांनीं कांट व शंकराचार्य यांच्याशीं तुलना करून मांडलें. त्यांचें म्हणणें सर्वांस मान्य झालें असें नाहीं, परंतु तें टाळून त्या विषयावर लिहिणें पुढील अभ्यासकांस जड गेलें. इ. स. १९५९ मध्यें त्यांस पद्मभूषण हा सन्मान मिळाला व इ. स. १९८६ मध्यें ते वारले. अद्वैताच्या अध्ययनाकरितां वेतन घेतलेला छात्र बौद्धांचा श्रेष्ठ भाष्यकार झाला.

येथें एका आचार्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. कृष्णचंद्र भट्टाचार्य (१८७५–१९४९) हे छात्र नव्हेत, ते इ. स. १९३३ ते १९३५ या काळांत संस्थेचे संचालक होते. परंतु त्यांचा ‘दि सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हा छोटेखानी व अत्यंत दुर्घट ग्रंथ त्यापूर्वींच, इ. स. १९३० मध्यें, अमळनेरानें प्रसिद्ध केला होता. आधुनिक भारतीय दर्शनाचा इतिहास लिहिणारे परदेशी पंडितही आज त्या ग्रंथाकडे वळतात, आणि त्याच्या मुखपृष्ठावर अमळनेर हें नांव वाचून हें गांव नकाशावर शोधतात.

तिसरे पांडुरंग सदाशिव साने. हे २४ डिसेंबर १८९९ रोजीं कोंकणांत पालगड येथें जन्मले. पुण्यास बी. ए. झाल्यावर तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. व्हावें या हेतूनें ते अमळनेरच्या तत्त्वज्ञानमंदिरांत आले, व इ. स. १९२४ मध्यें ती परीक्षा उतरले. त्याच वर्षीं जूनमध्यें ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेंत शिक्षक झाले. म्हणजे शाळेकरितां ते अमळनेरास आले नाहींत. तत्त्वज्ञानाकरितां आले, आणि तें सोडून शाळेंत गेले. हा क्रम उलटा सांगितल्यानें त्यांच्या आयुष्यांतील पहिला मोठा निर्णयच आपण पुसून टाकतों. मंदिरांतील शास्त्रचर्चेंत त्यांचें मन रमलें नाहीं, हें प्रसिद्ध आहे. छात्रालयाचें काम अंगावर घेतल्यावर त्यांनीं मुलांकरितां ‘छात्रालय’ नांवाचें दैनिक स्वतःच्या हातानें लिहून काढण्यास आरंभ केला. पुढें इ. स. १९२८ मध्यें ‘विद्यार्थी’ मासिक निघालें. इ. स. १९३० मध्यें शिक्षकाची जागा सोडून ते सत्याग्रहांत शिरले.

परंतु तत्त्वज्ञान त्यांस सुटलें काय? इ. स. १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं २१ फेब्रुवारी ते १९ जून या अवधींत अठरा रविवारीं गीतेवर प्रवचनें केलीं. तीं ज्यानें उतरून घेतलीं तो हाच अमळनेरचा जुना छात्र. मायावादाच्या चर्चेस कंटाळून जो मंदिराबाहेर पडला, त्याच्याच लेखणीमुळें गीतेवरील तें विवरण महाराष्ट्रास मिळालें. लगेच पुढील वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिलें. हें पुस्तक ज्या घरांत नाहीं असें मराठी घर विरळा.

चौथे दिनकर यशवंत देशपांडे (१९१७–२००५). विदर्भांतील हे अभ्यासक अमळनेरास फेलो म्हणून राहिले, व रासविहारी दासांच्या शिकवणुकीचा त्यांच्या मनावर ठसा उमटला. हे दास स्वतः अद्वैतावर लिहीत आणि कांटचेंही चिकित्सक अध्ययन करीत. कांटच्या मुख्य ग्रंथावरील त्यांचें मार्गदर्शक पुस्तक इ. स. १९४९ मध्यें निघालें. देशपांडे तेथून बाहेर पडले ते विवेकवादी होऊन. त्यांनीं विदर्भांत तत्त्वज्ञानाचें अध्यापन केलें, पाश्चात्त्य दर्शनाचा परिचय मराठींत करून दिला, आणि एप्रिल १९९० मध्यें नागपुराहून ‘नवा सुधारक’ हें मासिक काढलें. तेंच पुढें ‘आजचा सुधारक’ झालें. नांवावरूनच कळतें कीं, त्यांनीं वारसा सांगितला तो आगरकरांचा. ज्या मंदिरांत ब्रह्म सत्य ठरविण्यासाठीं शेटजींनीं द्रव्य ओतलें, त्याच मंदिरांतील छात्रानें पुढें श्रद्धेचीच तपासणी करणारें मासिक चालविलें.

एवंच, चौघांच्या चार दिशा झाल्या. एक स्थानीं राहिला, एक बौद्धांकडे वळला, एक मुलांकडे व तुरुंगाकडे गेला, एकानें विवेकवाद पत्करला. वैयाकरणांच्या व्याख्येप्रमाणें गुरूचे दोष झांकणारे छात्र हे नव्हेत. ज्या मतासाठीं वेतन मिळे त्याच मताशीं ते वाद घालीत, आणि संस्था त्यांचे वाद स्वखर्चानें छापी. दात्याच्या मताविरुद्ध जाणाऱ्यास दात्याच्याच छत्राखालीं जागा मिळाली. तेव्हां छत्र धरिलें तें छात्रांनीं नव्हे, संस्थेनें धरिलें, असें म्हणावें लागतें. ज्या संस्थेचे सर्व छात्र एकाच मताचे निपजतात ती संस्था मठ होय. अमळनेरच्या संस्थेनें मंदिर हें नांव धारण केलें, पण ती मठ झाली नाहीं, हेंच तिचें यश. ‘मागें कांहीं उरलें नाहीं’ हा समज येथें खोटा ठरतो.

संस्थेचा उत्तरकाल थोडक्यांत असा. इ. स. १९४५ मध्यें अमळनेरास प्रताप महाविद्यालय निघालें, आणि गांवांतील उच्च शिक्षणाचा ओघ तिकडे वळला. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ पुढें बंद पडलें, इ. स. १९७३ पासून ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नांवानें पुणें विद्यापीठाचा तत्त्वज्ञानविभाग व अमळनेरचें प्रताप तत्त्वज्ञान केंद्र यांच्या सहकार्यानें त्याचा पुनर्जन्म झाला. इ. स. १९९० मध्यें जळगांवास स्वतंत्र विद्यापीठ झालें, व इ. स. २०१८ मध्यें त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव मिळालें. खानदेशास आज पदव्या देणारें विद्यापीठ आहे, आणि तें असावयासच पाहिजे होतें. पदवी न देतां माणसें घडविण्याचा जो प्रयोग त्याच्या कितीतरी आधीं येथें झाला, त्याची स्मृति मात्र विरत चालली आहे.

शेवटीं, आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली संग्राहकांपुढें दिली पाहिजे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही शाळेंत नुकतेच लागलों होतों. तेव्हां तालुक्यांतील एक वृद्ध गृहस्थ, जे बाळपणीं अमळनेरच्या छात्रालयांत राहिले होते, आम्हांस म्हणाले, “मास्तर, गुरुजींच्या हातचे आठ-दहा कागद आमच्या पेटींत आहेत. तुम्ही संस्कृतवाले, येऊन पाहून तर जा.” आम्हीं ‘दिवाळीनंतर येतों’ असें उत्तर दिलें. त्या काळीं पोथीवांचून दुसरा कागद आम्हांस जुना वाटत नसे. दिवाळीनंतर वार्षिक तपासणी आली, मग परीक्षा आल्या. आम्ही गेलों तेव्हां ते गृहस्थ वारले होते, आणि पेटीतील कागद रद्दीबरोबर वजनावर गेले होते. ते कागद ‘छात्रालय’ दैनिकाचेच होते कीं काय, हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं. राजवाड्यांचे देहावसान ज्या धुळ्यांत झालें त्या धुळ्याच्या इतक्या जवळ राहून आम्हीं हें घडूं दिलें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. तीनशें वर्षांपूर्वींच्या बखरीस जो मान आपण देतों, त्यांतील थोडा मान शंभर वर्षांपूर्वींच्या शाईसही द्यावा. अमळनेर, धुळें, शिंदखेडें, नंदुरबार या भागांतील जुन्या घरांत तत्त्वज्ञानमंदिराच्या फेलोंचीं पत्रें, त्रैमासिकाचे सुटे अंक, ‘विद्यार्थी’ मासिकाच्या फायली, किंवा छात्रालयांतील हस्तलिखित पानें असण्याचा संभव आहे. तीं कोणाच्या घरचीं, कोणाकडून व कोणत्या दिवशीं मिळालीं याची नोंद करून मंडळाच्या दप्तरांत दाखल करावीं. मूळ कागद सोडण्यास घरच्यांचें मन होत नसेल तर छायाचित्र घ्यावें व कागद त्यांच्या हवालीं करावा. आणि कोणीं वृद्धानें “येऊन पाहून जा” असें म्हटलें, तर दिवाळीची वाट पाहूं नये.